बिनसावलीचे दोन दिवस

वर्ध्यात वर्षातून दोनदा माणसाची सावली त्याच्या पायाखाली शिरते. एकदा २४ मेच्या आसपास आणि दुसऱ्यांदा १९ जुलैच्या आसपास. दुपारी सव्वाबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि अंगणातली काठी, पाण्याचा ड्रम, विजेचा खांब, सगळ्यांच्या सावल्या आपापल्या बुडाशी गोळा होतात. आकाशनिरीक्षण करणारी मंडळी याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधल्या प्रत्येक गावाला असे दोन दिवस मिळतात, फक्त तारखा गावागणिक बदलतात. वर्धा जवळजवळ पावणेएकवीस अक्षांशावर, म्हणून आपल्या वाट्याला या तारखा.

खरी गंमत या दोन दिवसांची तुलना केली की कळते. दोन्ही दिवशी सूर्य सारखाच उंच चढतो. दिवस सारखाच मोठा, सव्वातेरा तासांच्या आसपास. जुलैत पृथ्वी सूर्यापासून किंचित लांब असते हे खरं, पण त्यामुळे उन्हाचा जोर एका टक्क्यानेही घटत नाही. म्हणजे वरून येणारा माल दोन्ही दिवशी तोच आणि तेवढाच.

आणि तरी? २४ मेला वर्ध्यात रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. पारा ४३-४४ अंशांवर, कधी त्याच्याही पुढे. दुसऱ्याच दिवशी, म्हणजे २५ मेच्या सुमारास, सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि नवतपा लागतो. जुन्या लोकांनी ही तारीख पंचांगावरून धरली, पण ती आपल्या गावच्या डोक्यावरच्या सूर्याला इतकी चिकटून यावी याचं मला दरवर्षी नवल वाटतं. १९ जुलैला मात्र त्याच सूर्याखाली, त्याच अंगणात पारा ३०-३१ च्या पुढे जायला नाखूष असतो. तोच सूर्य, तीच जमीन, आणि फरक बारा-तेरा अंशांचा. मधल्या आठ आठवड्यांत बदललं ते एकच: वर्ध्यावरची हवा.

दिवसाचं कोडं तसं सोपं आहे. मे महिन्यात जमीन भेगाळलेली असते, हवा कोरडी ठणठणीत. ऊन जमिनीवर पडतं आणि त्या उष्णतेला दुसरं काही कामच उरत नाही. ती जमीन तापवते, जमीन हवा तापवते. जुलैत तेच ऊन आधी ढगांवर आपटून बरंचसं परत फिरतं, आणि जे खाली पोचतं त्यातलं पुष्कळ ओल्या जमिनीतलं पाणी उडवण्यात खर्ची पडतं. हे तत्त्व वर्धेकराला शिकवायला नको. त्याच्या खिडकीत लटकलेला कूलर उभा उन्हाळा याच तत्त्वावर चालतो. मेमध्ये वाळ्याच्या ताट्यांतून येणारं वारं स्वर्गीय वाटतं, आणि मृगाचा पाऊस पडून गेला की तोच कूलर खोलीत नुसता चिकचिकाट करतो. पाणी उडायला हवेत जागाच उरलेली नसते.

खरं कोडं रात्रीचं आहे.

मेमध्ये दुपारपासून पहाटेपर्यंत पारा १४-१५ अंश उतरतो. दुपारी ४३ असेल तर पहाटे २८. गच्चीवर गाद्या टाकून झोपणाऱ्यांना ठाऊक असतं की बारानंतर सिमेंट सोसवेल इतपत होतं आणि चारच्या सुमाराला चादर अंगावर ओढावीशी वाटते. जुलैत ३१ वरून पारा जेमतेम २४ वर येतो. सहा-सात अंशांची घसरण, बस्स. सूर्य तर दोन्ही रात्री सारखाच गैरहजर. मग एका रात्री उष्णता भराभर निघून जाते आणि दुसऱ्या रात्री ती कोण अडवून धरतं?

हिवाळ्यात हेच आणखी ठळक दिसतं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते (हो, जवळ), आणि आपण मात्र शेकोट्या पेटवून बसलेले असतो. निरभ्र रात्री पारा दहाच्या घरात घसरतो, हरभऱ्यावर दव साचतं. मग एखाद्या संध्याकाळी आभाळ येतं. शेतकऱ्याला तुरीवरच्या अळीची धास्ती बसते, आणि त्याच रात्री घरातली म्हातारी माणसं म्हणतात, आज थंडी नाही. ऊन वाढलेलं नसतं, वाराही फिरलेला नसतो. आभाळाने पांघरूण घातलेलं असतं.

पांघरूण हा शब्द मी मुद्दाम वापरला. पुस्तकांत याला हरितगृह परिणाम म्हणतात, पण ते नाव मला थोडं फसवं वाटतं. काचेच्या हरितगृहात उकडतं ते मुख्यतः तिथली गरम हवा बाहेर जाऊ शकत नाही म्हणून. आपल्या आभाळाला तर काच नाही, गरम हवा मोकळेपणी वर चढते. आभाळ जे अडवतं ते हवेला नव्हे, प्रकाशाला. आणि तोही आपल्या डोळ्यांना न दिसणारा.

जगातली प्रत्येक ऊबदार वस्तू चमकत असते. तापलेली सळई लाल दिसते, पण तुमचा हात, गच्ची, सेवाग्रामच्या रस्त्यावरचं डांबर, बर्फाचा गोळासुद्धा चमकत असतो, फक्त ती चमक अवरक्त असते. ताप मोजायचं पिस्तूल कपाळाला न टेकवता ताप सांगतं ते याच चमकेवरून. पृथ्वीला उष्णता बाहेर टाकायची ही एकमेव वाट. अवकाशात हवा नाही, तिथे फुंकर घालून काही थंड करता येत नाही. दिवसा सूर्याकडून जेवढं घेतलं तेवढं सगळं अवरक्त उजेडाच्या रूपात परत द्यावं लागतं.

हवेचा नव्याण्णव टक्के भाग नायट्रोजन आणि ऑक्सिजन. हे दोघे या बाबतीत अगदीच निर्विकार. त्यांच्या रेणूत दोन सारखेच अणू, ते अवरक्त किरणांना जवळजवळ हातच लावत नाहीत. कार्बन डायऑक्साइडच्या रेणूत तीन अणू एका रेषेत असतात. ती रेषा धनुकलीसारखी वाकते आणि सुटते, आणि नेमक्या त्याच लयीच्या किरणांना तो रेणू गिळतो. पाण्याच्या वाफेचा रेणू आधीच वाकडा, तो तर फारच खादाड. गिळलेली ऊर्जा हवा पुन्हा बाहेर टाकते, पण सगळ्या दिशांना, म्हणजे काही वर आणि काही परत खाली. कोरड्या निरभ्र रात्री जमिनीची चमक बऱ्यापैकी थेट अवकाशात सुटते. ओल्या ढगाळ रात्री आभाळच जमिनीला शेकत बसतं.

हे घरी तपासता येतं. एसी दुरुस्त करणाऱ्यांकडे असतं तसं, उणे अंश मोजू शकणारं अवरक्त तापमापक मिळवा आणि डिसेंबरातल्या स्वच्छ रात्री गच्चीवरून सरळ वर रोखा. आकडा शून्याच्या बराच खाली जातो. ढग आला की तोच आकडा झरझर वर चढतो. सूर्याची उष्णता सगळ्यांना कळते. आभाळालाही स्वतःची उष्णता असते हे त्या छोट्या पडद्यावर पहिल्यांदा पाहिलं की क्षणभर वर बघतच राहावंसं वाटतं.

आणि ही उष्णता नगण्य नाही. सगळ्या पृथ्वीची, दिवस-रात्र आणि वर्षभराची सरासरी काढली तर जमीन आणि समुद्र यांना सूर्याकडून थेट दर चौरस मीटरला साधारण १६० वॅट मिळतात. आभाळाकडून मिळतात साधारण ३४०. दुपटीहून जास्त! मूळ कमाई सूर्याचीच, यात वाद नाही. पण एकच रुपया जमीन आणि आभाळ यांच्यात पुन्हा पुन्हा हात बदलत फिरतो, आणि म्हणून जमिनीच्या वहीत आभाळाची जमा मोठी दिसते.

ही फिरवाफिरवी बंद पडली तर काय होईल याचं गणित शाळकरी आहे. सूर्यापासून जेवढं शोषलं तेवढं परत टाकायला पृथ्वीचं तापमान किती असावं लागेल? उत्तर येतं उणे १८ अंश. प्रत्यक्षात पृथ्वीचं सरासरी तापमान १५ अंशांच्या आसपास आहे. मधले ३३ अंश ही निव्वळ हवेची देणगी. ती नसती तर धाम नदी बारमाही गोठलेली असती, आणि पवनारच्या काठावर बसायला कोणी नसतं.

उणे १८ हा आकडा मात्र कागदावरचा नाही. तो वर्ध्यातच आहे, फक्त उभा. वर्ध्यापासून सेवाग्राम सुमारे आठ किलोमीटर. हा रस्ता उचलून जमिनीवर काठीसारखा उभा केला, तर निघताना तुम्ही मेच्या भट्टीत असाल आणि बापूकुटीच्या फाटकाशी पोचाल तिथे पारा उणे १८ च्या आसपास असेल. वर जावं तशी हवा विरळ होते, पसरते आणि निवते, दर किलोमीटरला सरासरी सहा-साडेसहा अंशांनी, मेच्या तापलेल्या कोरड्या हवेत त्याहून थोडी अधिकच. खालच्या दाट, ओल्या हवेतून जमिनीची चमक थेट सुटत नाही. ती घेतली-दिली जात वर सरकते आणि जिथे वरची हवा पुरेशी विरळ होते तिथून अवकाशात निसटते. साऱ्या पृथ्वीची सरासरी घेतली तर ही निसटण्याची उंची पाच-सहा किलोमीटर भरते, आणि तिथलं तापमान उणे १८. लांबच्या एखाद्या ग्रहावरून अवरक्त दुर्बिणीने कोणी आपल्याकडे पाहिलं तर त्याला आपली जमीन फारशी दिसणारच नाही, त्याला दिसेल तो हा थंडगार मधला मजला. आपण राहतो तळघरात.

हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की निसटण्याचा मजला थोडा वर सरकतो. तिथे आणखी थंडी, म्हणून तिथून उष्णता कमी निसटते. हिशेब जुळेपर्यंत सगळी इमारत तापते, तळघरासकट. मला या विषयात सगळ्यात देखणी वाटते ती ही एवढीशी गोष्ट.

कार्बन डायऑक्साइड वाढला की पृथ्वी तापते, याची पहिली चाहूल एका बाईला लागली. १८५६ साली अमेरिकेत युनिस फूट यांनी काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून ते उन्हात ठेवले. कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं सगळ्यात जास्त तापलं आणि निवायलाही त्यालाच सगळ्यात जास्त वेळ लागला. अशा वायूचं वातावरण असतं तर पृथ्वी अधिक तापली असती, हा निष्कर्ष त्यांनी तिथल्या तिथे काढला. विद्वानांच्या सभेत त्यांचा निबंध मात्र दुसऱ्याच गृहस्थाने वाचून दाखवला. अवरक्त किरणांचं नेमकं मोजमाप तीन वर्षांनी आयर्लंडच्या जॉन टिंडल यांनी केलं, नाव त्यांचं झालं, आणि फूटबाई शतकभराहून अधिक काळ विस्मृतीत गेल्या. फुटाचं माप माहीत असणाऱ्या आपल्याला फूटबाई माहीत नसाव्यात याची हळहळ वाटते.

आता हवा पूर्ण काढून टाकलेलं गाव पाहायचं तर लांब जायला नको. चंद्र सूर्यापासून सरासरी आपल्याएवढ्याच अंतरावर आहे. २३ ऑगस्ट २०२३ ला इस्रोचं विक्रम हे यान तिथे उतरलं तेव्हा त्याने जमिनीत एक तापमापकाची सळई खुपसली. इस्रोने पहिल्यांदा दाखवलेल्या आलेखात पृष्ठभागाशी ५० अंशांच्या वर तापमान होतं आणि फक्त ८ सेंटिमीटर खाली, म्हणजे वीतभरापेक्षाही कमी खोलीवर, उणे १०. वर मे महिना आणि चार बोटं खाली फ्रीजर. मग चौदा दिवसांची रात्र आली. पांघरूण नाही, आभाळ नाही, जमिनीची सगळी चमक सरळ काळोखात. २२ सप्टेंबरला ऊन परतल्यावर इस्रोने विक्रमला आणि त्याच्यासोबतच्या प्रज्ञान या गाडीला हाका मारल्या, पण त्या थंडीतून ते उठले नाहीत.

मंगळ सांगतो ते आणखी चमत्कारिक. तिथली हवा ९५ टक्के कार्बन डायऑक्साइडची. दर चौरस मीटरच्या डोक्यावर आपल्याकडे आहे त्याच्या वीसपटीहून अधिक कार्बन डायऑक्साइड तिथे आहे. मग मंगळ तापलेला हवा, पण त्याचं सरासरी तापमान उणे ६० च्या आसपास, आणि त्याच्या पांघरुणाने वाढवलेली ऊब पाचेक अंशांची. कारण मंगळाची हवा इतकी विरळ की तिचा दाब आपल्या एक टक्क्याहूनही कमी. रेणू एकमेकांना धक्के देत दाटीने राहिले तर ते जरा बेसूर किरणही पकडतात. एकटे-दुकटे असले तर नेमक्या सुरालाच चिकटून राहतात आणि बाकीचं सोडून देतात. शिवाय तिथे वाफ नाही म्हणण्याइतकी कमी. लोकर पुष्कळ, पण वीणच सैल.

आणि शुक्र. काही वर्षी हिवाळ्यातल्या संध्याकाळी कापूस घेऊन जिनिंगकडे निघालेल्या गाड्यांवरून पश्चिमेला जो एकटाच ठसठशीत चमकतो, तो. आपण त्याला प्रेमाने चांदणी म्हणतो. तो चमकतो कारण त्याचे गंधकाम्लाचे ढग आलेल्या उन्हातलं तीन-चतुर्थांश ऊन परत फेकतात. म्हणजे सूर्याच्या अधिक जवळ असूनही शुक्र पृथ्वीपेक्षा कमी ऊन पचवतो. पांघरूण नसतं तर तो उणे ४० च्या आसपास असता. प्रत्यक्षात त्याच्या जमिनीवर ४६० अंश आहेत, शिसं वितळेल इतके. तिथल्या हवेचा दाब आपल्या ९२ पट, आणि जवळजवळ सगळी हवा कार्बन डायऑक्साइड. बुध सूर्याला अगदी खेटून आहे, पण त्याला हवा नाही. त्याची दुपारसुद्धा शुक्राच्या मध्यरात्रीपेक्षा थंड. शुक्रावर दिवस-रात्रीत फरक जवळपास पडतच नाही, आणि एक रात्र आपल्या आठ आठवड्यांइतकी लांब असते. आपल्या जुलैतल्या रात्रीचा उकाडा वाढवत वाढवत शेवटाला नेला तर काय होईल, याचं उत्तर कधी संध्याकाळी पश्चिमेला, तर कधी पहाटे पूर्वेला टांगलेलं असतं.

वर्ध्यात हे सगळं थोड्या थोड्या मापात मिळतं असं मला वाटतं. डिसेंबरातली निरभ्र पहाट मंगळाच्या बाजूला झुकलेली, श्रावणातली रात्र शुक्राच्या बाजूला. आपल्या या पांघरुणाचं निम्मं काम पाण्याची वाफ करते, पाव काम ढग करतात, आणि कार्बन डायऑक्साइडच्या वाट्याला पाचवा हिस्सा येतो. मग एवढा गवगवा त्याचाच का? कारण वाफ टिकत नाही. आठ-दहा दिवसांत तिचा पाऊस होतो. हवा गार पडली की वाफ गळून जाते, तापली की दर अंशाला सुमारे सात टक्के अधिक वाफ हवेत मावते. तिची स्वतःची मर्जी चालत नाही. कार्बन डायऑक्साइड हा खुंटा आणि वाफ त्याला बांधलेला बैल. खुंटा सरकला की चरण्याचं रिंगण सरकतं.

हा खुंटा किती बारीक आहे पाहा. दहा हजार रेणूंत साडेचारही नाहीत. हवेतला सगळा कार्बन डायऑक्साइड वेगळा काढून जमिनीवर अंथरला तर थर होईल साडेतीन मीटर जाडीचा. एकमजली कवेलूचं घर त्यात बुडेल, इतकाच.

त्या खुंट्याची जागा कोण ठरवतं, हे वर्ध्याच्या मातीत लिहिलेलं आहे. आपल्या पायाखालचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्या उद्रेकांनी प्रचंड कार्बन डायऑक्साइड हवेत ओतला. मग पावसाने तो दगड झिजवायला घेतला. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं, दगडातला चुना विरघळवतं, आणि नद्यांनी समुद्रात नेलेल्या त्या मालाची तिथे चुनखडी होते. हवा तापली की पाऊस आणि झीज वाढते, अधिक वायू गाडला जातो, हवा निवते. निवली की झीज मंदावते आणि ज्वालामुखींचा वायू पुन्हा साचतो. लाखो वर्षांच्या संथ चालीने चालणारा हा पृथ्वीचा कूलर, आणि तो ज्या दगडावर उत्तम चालतो तो हाच, आपला काळा बसाल्ट. याच झिजेतून काळी कसदार जमीन झाली, तिच्यावर कापूस आला. नांगरताना फाळाला लागणारे पांढरे चुनखडीचे खडे पाहिले आहेत ना? त्या प्रत्येक खड्यात थोडी जुनी हवा बंद आहे. शुक्रावर पाणीच उरलं नाही, त्यामुळे तिथला वायू दगडात परतण्याची वाट बंद झाली आणि तो सगळा आभाळातच लटकून राहिला.

चुनखडी ही कार्बनची एक तिजोरी, दुसरी तिजोरी वर्धा नदीच्या नावाने ओळखली जाते. वर्धा खोऱ्यातला कोळसा चंद्रपूर-यवतमाळच्या पट्ट्यात आहे, पंचवीस कोटी वर्षांहून जुना. दलदलीतल्या झाडांनी हवेतून घेतलेला कार्बन गाडला गेला आणि त्याचा दगड झाला. ती तिजोरी आपण उघडली. औद्योगिक युगाआधी दहा लाख रेणूंत २८० कार्बन डायऑक्साइडचे होते. १९५८ साली हवाईच्या डोंगरावर नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा ३१५ च्या आसपास होते, आज ४२० च्या वर आहेत. पावसाने हा वायू दगडात परत घालायला लाखभर वर्षं लागतात, आणि आपल्या भट्ट्यांना एक दुपार पुरते. या हिशेबात मी जास्त शिरत नाही. तो खुंटा आहे, एवढं कळलं तरी पुढचं गणित आपोआप मांडता येतं.

यंदा २४ मेला सव्वाबारा वाजता अंगणात काठी उभी करून पाहा. टोपी घाला, खिशात कांदा ठेवायचा तर तोही ठेवा, पण बाहेर या आणि सावली कशी आटत आटत नाहीशी होते ते बघा. १९ जुलैलाही मी दरवर्षी काठी घेऊन बाहेर पडतो. सूर्य ठरल्या वेळी डोक्यावर येतो, त्यात शंका नाही. पण वर आभाळ गच्च भरलेलं असतं, आणि काठीला सकाळपासूनच सावली नसते.